फाटकावरच्या बाईंचं कपाट

"आधी खोचा, मग बोला."

हे वाक्य बाईंच्या जिभेवर इतकं बसलं होतं की ते त्या बोलत नसत, ते आपोआप बाहेर पडे, दार ढकललं की बिजागरी करकरावी तसं. शर्टाचं टोक लोंबवत एखादं पोरगं धावत शाळेच्या फाटकाशी येई. "बाई, सायकलची चेन निसटली, बाई, वाटेत कुत्रं मागे लागलं..." बाई त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणत, "आधी खोचा, मग बोला." पोरगं थांबे, शर्ट खोचे आणि मग उरलेलं कुत्रं सांगे.

बाई भूमिती शिकवत. पण कुणाला विचारलं असतं की बाई काय करतात, तर कुणीही भूमितीचं नाव घेतलं नसतं. बाई फाटकावर उभ्या राहतात, असंच सगळे सांगत. सकाळी घंटेआधी त्या फाटकाच्या डाव्या खांबाला खेटून उभ्या राहत आणि आत येणाऱ्या प्रत्येक पोराला वरून खालपर्यंत बघत. कॉलर, गुंड्या, पट्टा, मोजे, बूट. नजर एकदा खाली उतरली की त्या मानेनंच जा म्हणत. मान हलली नाही तर पोरानं समजून जायचं.

त्यांचा नवरा बसमध्ये कंडक्टर होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळे त्याला कंडक्टरच म्हणत. बाईंना अख्खी वस्ती अहो म्हणे आणि कंडक्टरला अरे. त्याची त्याला खंत नव्हती. जन्मभर खाकी कपड्यात गळ्यापर्यंत गुंड्या लावून घामाघूम झालेला तो माणूस. नोकरी सुटली त्या दिवशी त्यानं सगळे खाकी शर्ट फाडून फरशी पुसायला काढले आणि सैल विजार नि भोकं पडलेला गंजीफ्रॉक घालून पायरीवर बसला, तो बसलाच.

"दारात या अवतारात बसू नका," बाई शाळेला निघताना रोज म्हणत. "मुलं या रस्त्यानं येतात."

"मुलांनी माझं काय बघायचंय? मी थोडाच फाटकातून आत येणार आहे?"

"बघतात. सगळं बघतात."

"मग त्यांना सांगा, काका पास झालेत, आता त्यांना गणवेश नाही."

बाई चपलेचा पट्टा ओढत आणि निघून जात. कंडक्टर कपाळाला हात लावी. रोज लावी. त्याच्या कपाळाला त्याची सवय झाली होती.

आता ज्या गोष्टीमुळे पुढचं सगळं घडलं ती सांगायला हवी. ती म्हणजे बाईंचं कपाट.

फाटकाशेजारी मोडक्या बाकांची एक खोली होती. तिथे एक लोखंडी कपाट होतं. वाढून कपडे आखूड झालेल्या, शाळा संपवून गेलेल्या मुलांचे गणवेश बाई घरोघर फिरून मागून आणत आणि त्यात ठेवत. दुसऱ्या शाळांमध्ये कपडे नीट नसले की पोराला घरी पाठवत. बाई पाठवत नसत. "घरी पाठवलेलं पोर घरी पोचत नाही," त्या म्हणत, आणि तशी पोचलेली आणि न पोचलेली पोरं त्यांनी खूप पाहिली होती. शर्ट फाटका, मळका, भलत्याच रंगाचा असला की बाई बोट दाखवत. पोरगं त्या खोलीत जाई, कपाटातला शर्ट घालून वर्गात बसे, संध्याकाळी तो परत करून आपल्या कपड्यांत घरी जाई. एकाचाही दिवस बुडत नसे. बाईंना या व्यवस्थेचा फार अभिमान होता, आणि तो लपवण्याइतक्या त्या धूर्त नव्हत्या.

पण या अभिमानाची धुणी कोण धुई? कंडक्टर. आठवडा संपला की बाई कपाटातलं बोचकं घरी आणत. कंडक्टर ते भिजत घाली, पिळी, वाळत घाली, इस्त्री करी. शेजारीण गच्चीवरून ओरडे, "काय कंडक्टर, घरात लेकरं किती झाली?"

"मोजतोय अजून," तो खालून सांगे.

तरी कपडे कमी होत. नेलेला शर्ट परत येत नसे. पोरं म्हणत, हा माझाच आहे बाई. सगळे शर्ट पांढरे, सगळे स्कर्ट निळे. ओळखणार कसे? तेव्हा बाईंनी ठरवलं की खूण करायची. हिरव्या दोऱ्यानं. शर्टाला मागे, कॉलरच्या खाली, आणि स्कर्टला कमरेच्या पट्टीवर. बाईंना सुईत दोरा ओवता येत नसे, नजर अधू झाली होती. म्हणून तेही कंडक्टरच्या गळ्यात पडलं.

"आतून घालू का टाका?"

"बाहेरून. ठळक हवा. नाहीतर पुन्हा म्हणतील माझाच आहे."

कंडक्टरनं ठळक घातला. फुल्या फुल्यांची ओळ, एका मापाची, एका ताणाची. तो वैतागून करी, पण काम झालं की शर्ट हातभर लांब धरून एकदा बघे. टाके नीट आलेले असत. त्या वर्षानंतर एकही शर्ट हरवला नाही.

बाई गणवेशावर इतक्या का अडून बसत, हे फक्त कंडक्टरला माहीत होतं. लग्नानंतर एकदाच त्यांनी सांगितलं होतं, तेही भांडी घासताना, पाठमोऱ्या उभ्या राहून. बाई लहानपणी ज्या शाळेत गेल्या तिथे गणवेश नव्हता. ज्याला जे असेल ते घालून यावं. बाईंच्या आईनं कुणाकडून तरी मिळालेला पिवळा फ्रॉक धुऊन, कमरेत आवळून त्यांना घातला. शाळेच्या समारंभात भरल्या सभागृहात एक बाई वाकून म्हणाली, "अय्या, हा तर आमच्या ताईचा! बघ गं ताई, तुझा फ्रॉक चाललाय." कौतुकानं म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्या दिवसापासून बाईंना वाटत आलं की शाळेच्या दारात सगळ्यांच्या अंगावर एकच कपडा हवा. कुणाच्या घरात काय आहे आणि काय नाही, ते दाराबाहेर राहिलं पाहिजे. प्रार्थनेनंतर त्या मुलांनाही हेच सांगत, फ्रॉकचं नाव न घेता.

मग शाळेत नवे मुख्याध्यापक आले. त्यांना सगळे मोठे सर म्हणत, जरी ते वयानं बाईंपेक्षा बरेच लहान होते. माणूस वाईट नव्हता. पण त्यांना नियम सुचत. काही लोकांना जसं गाणं सुचतं तसं. आधी मोज्यांवर पट्टे किती हवेत ते ठरलं. मग केसांच्या रिबिनीची रुंदी. मग पट्ट्याचं बक्कल चौकोनी की गोल. मग कापडाची छटा. शाळेनं ठरवलेल्या दुकानातली निळीच छटा, दुसरी चालणार नाही, जोड किंवा ठिगळ दिसता कामा नये.

बाई घरी येऊन चिडत. "छटा म्हणे! दोनदा धुतलं की कुठली छटा उरते? यांनी कधी स्वतःचा शर्ट धुतलाय का?"

"मग सांगा ना त्यांना."

"सांगितलं."

"मग?"

"मग काय मग? नियम झालाय."

"पण तुम्हाला पटलेला नाही."

"नियम पटण्यावर नसतो."

"मग कशावर असतो?"

"असतो," बाई म्हणत आणि ताट पुढे ओढत. घरी त्या नियमाला नावं ठेवत आणि सकाळी फाटकावर तोच नियम मोज्याच्या पट्ट्यापर्यंत पाळायला लावत. अशा बाईशी वाद घालून कंडक्टरनं कधीच हात टेकले होते. बसमध्ये त्यानं बिनतिकीट म्हाताऱ्यांना पुढच्या थांब्यापर्यंत जाऊ दिलं होतं, तिकीट असलेल्या दांडगटांना उतरवलं होतं. पण हे बाईंना सांगायची सोय नव्हती. "म्हणूनच तुमच्या बसेस तोट्यात गेल्या," असं त्या म्हणत.

नववीत एक मुलगी होती. एका सुट्टीत ती अशी वाढली की वर्गातल्या पोरांनी तिचं नाव शिडी ठेवलं. भूमितीत हुशार. बाई मुद्दाम तिलाच फळ्यावरची आकृती पुरी करायला बोलावत, कारण तिचा हात वरपर्यंत पोचे. तिची आई बेकरीत कामाला होती. स्कर्ट आखूड झाला तेव्हा आईनं खाली निळ्या कापडाची पट्टी जोडली. टाके सरळ होते, लांबी बरोबर होती. पण जुना स्कर्ट धुऊन फिका झालेला आणि पट्टी नवी, गडद. लांबून बघितलं तरी दिसे.

छटेचा नियम झाल्यावर पहिल्याच दिवशी बाईंची नजर तिच्या स्कर्टवर उतरली आणि मान हलली नाही.

"बाई, माझाच राहू द्या ना," मुलगी हळूच म्हणाली.

"आजच्या दिवसापुरतं. जा, कपाटातला घाल."

"बाई, स्वच्छ आहे. इस्त्री पण केलीय."

"मी कुठे म्हटलं मळका आहे? छटा वेगळी आहे. जा, मागे रांग लागलीय."

मुलगी गेली. कपाटातला स्कर्ट घालून दिवसभर वर्गात बसली, संध्याकाळी घडी घालून परत केला. दुसऱ्या दिवशी आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. बाईंना वाटलं, ताप असेल. असं वाटता वाटता बरेच दिवस गेले, आणि एका दुपारी शाळेचा शिपाई, ज्याला सगळे मामा म्हणत, सहज बोलून गेला, "ती शिडी ना बाई? ती बेकरीत बसते आता, आईबरोबर. बिस्किटं भरते पाकिटात."

"कधीपासून?"

"झाले की दिवस. मोठे सर म्हणत होते, पटावरून नाव काढायची वेळ आली."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आल्या त्या चपला न काढताच म्हणाल्या, "उठा. नीट कपडे घाला. बेकरीत जायचंय."

"पाव आहे घरात."

"पाव आणायला नाही!"

कंडक्टरनं शर्ट घातला. वरची गुंडी लावली नाही, तेवढीच काय ती त्याची बंडखोरी.

बेकरी म्हणजे पुढे काउंटर आणि मागे एक लांबट, गरम खोली. भट्टीचं लोखंडी दार उघडलं की आतून लाल उजेड पडे आणि सगळ्यांचे चेहरे क्षणभर भाजल्यासारखे दिसत. लांब टेबलावर बिस्किटांचे पत्रे आणि दोन्ही बाजूंना बायका. सगळ्यांच्या अंगावर एकसारखे पांढरे ॲप्रन, डोक्यावर टोप्या. त्यात शिडी लगेच ओळखू आली, कारण तिची टोपी सगळ्यांपेक्षा वर होती. तिचे हात भराभर चालले होते. बाई आत शिरल्या तसे ते थांबले.

"ही काय जागा आहे तुझी?" बाईंनी विचारलं. ना कशी आहेस, ना काही.

तिची आई हात पुसत पुढे आली. "बाई, बसा ना. बसायला काही नाही म्हणा. त्या पिठाच्या पोत्यावर..."

"मी बसायला आले नाही. मला न सांगता शाळा सोडली हिनं. का?"

मुलगी टेबलाकडे बघत राहिली.

"इथे ॲप्रन चालतो," बाई म्हणाल्या. "टोपी चालते. केस आत घालायला चालतं. आणि शाळेत एक दिवस स्कर्ट बदलायला सांगितला तर एवढा राग?"

"इथे मालक सगळ्यांना एकसारखाच देतो, बाई."

"मग मी काय वेगळा दिला?"

तेव्हा मुलीनं वर बघितलं. कंडक्टरला वाटलं, आता ही रडणार. ती रडली नाही. "त्यावर हिरवा दोरा असतो ना," ती म्हणाली. "फुल्या फुल्यांचा. शर्ट खोचला की पाठीमागून सगळ्यांना दिसतो. हिरवा दोरा म्हणजे कपाटवाला. सगळी मुलं तसंच म्हणतात. पाठीवर बोट लावून पळतात. ज्याला ज्याला तुम्ही कपाटात पाठवता, त्याला."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. तुम्हाला माहीत नाही?" तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "तुम्हीच प्रार्थनेनंतर सांगता, घरात काय आहे ते दाराबाहेर राहू दे म्हणून. मग दोरा कशाला लावता?"

भट्टीचं दार कुणीतरी उघडलं आणि बंद केलं. कंडक्टर आपल्या हातांकडे बघत होता. इतक्या वर्षांच्या त्या एका मापाच्या, एका ताणाच्या फुल्या, आणि त्या हातभर लांब धरून बघणं. हे हात खिशात कोंबावेत की मागे लपवावेत, ते त्याला कळेना.

"दोरा काढून टाकते," बाई शेवटी म्हणाल्या. "मग येशील?"

"मी माझाच स्कर्ट घालून येईन. आईनं केलाय तो. तो चालत असेल तर."

"पण ती पट्टी..."

"बाई," आई मध्ये पडली. ती हळू बोलत होती, पण ठाम होती. "एकदा पाठवते हिला. एकदाच. उद्या सकाळी. तिला फाटकावरून परत फिरवलंत तर मग मी पुन्हा शाळेचं नाव काढणार नाही. मालक कायमचं घेतो म्हणतोय हिला. उद्याच सांगायचंय त्याला."

परतीच्या वाटेवर बाई नेहमीसारख्या पुढे चालत नव्हत्या. कंडक्टरला आपली पावलं आखडती घ्यावी लागत होती. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याच्या दुकानापाशी त्या थांबल्या.

"तो फ्रॉक आईनं धुतला होता चांगला," त्या म्हणाल्या. "तरी ओळखलाच त्यांनी."

कंडक्टरनं शर्टाची वरची गुंडी लावली. का लावली, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

घरी आल्या आल्या बाईंनी त्या आठवड्याचं बोचकं सोडलं. पातं आणा, म्हणाल्या. दोघं खाली बसले आणि दोरे उसवायला लागले. बाईंना नीट दिसत नव्हतं, त्यांनी एका शर्टाची कॉलरच कापली. कंडक्टरनं पातं काढून घेतलं. त्याचे टाके घट्ट होते, निघता निघत नव्हते. दोरा निघाला तरी जिथे फुल्या होत्या तिथे बारीक भोकं राहत, नीट बघितलं तर दिसत. कंडक्टरनं ती बाईंना दाखवली नाहीत.

"चला," उसवून झाल्यावर तो म्हणाला. "झालं. आता सकाळी ती येईल, तुम्ही मान हलवा, ती आत जाईल. संपलं."

"असं कसं संपलं? पट्टी आहे ना. छटेचा नियम आहे."

कंडक्टरनं पातं खाली ठेवलं. "काय?"

"मोठ्या सरांशी बोलले मी घरी यायच्या आधीच, फोनवर. बेकरीच्या दारातून. तुम्ही तेव्हा ती पोती बघत होता. म्हटलं, एका मुलीला सूट द्या. ते म्हणाले, बाई, तुम्हीच मला सांगितलंत ना, एकाला सोडलं की सगळी रांग मोडते. आणि ते खरं आहे. मीच सांगितलंय. मी आज तिला सोडलं तर उद्या कुणाला कशाच्या जोरावर थांबवू? परवा एक पोरगा चित्रांचा शर्ट घालून येईल आणि म्हणेल, तिला चालतं ना."

"अहो बाई!" कंडक्टर उठून उभा राहिला. रागात आला की तोही त्यांना बाईच म्हणे. "चित्रांचा शर्ट वेगळा आणि आईनं लावलेली पट्टी वेगळी! आंधळ्याला कळेल. ते पोरगं मिरवायला घालणार आणि ही पोरगी झाकायला घालते. तुमच्या त्या नजरेनं वरून खालपर्यंत बघता ना रोज, एवढं दिसत नाही?"

"दिसतं. पण नियमात तसं लिहिलेलं नाही."

"मग तुम्ही कशाला उभ्या राहता तिथे? एक काठी उभी करा! काठीला मोजपट्टी बांधा!"

"ओरडू नका. खिडकी उघडी आहे."

"राहू दे उघडी!"

बाई बोचकं पुन्हा बांधत राहिल्या. गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. सकाळी बाई उठून गेल्या तेव्हा डबा ओट्यावरच राहिला. मुद्दाम राहिला की विसरला, कंडक्टरला कळेना. डबा राहिला की आपल्यालाच जावं लागणार, एवढंच कळलं. तो पुटपुटत, चपला फरफटवत निघाला. ही बाई, हिचा गणवेश, हिची शाळा, हिचा डबा.

तो पोचला तेव्हा फाटकापुढे नेहमीची गर्दी होती. बाई डाव्या खांबाला, राखाडी कपड्यात, ताठ. उजव्या खांबाला त्या दिवशी मोठे सर स्वतः उभे होते. मामा हातात घंटेचा हातोडा घेऊन आतल्या बाजूला. कंडक्टर रस्त्याच्या पलीकडेच थांबला. डबा हातात घेऊन मध्ये घुसायची ही वेळ नव्हती.

शिडी आली. आई बरोबर होती, बेकरीचा ॲप्रन तसाच अंगावर. मुलीचा शर्ट पांढरा स्वच्छ, केस घट्ट बांधलेले, बूट पुसलेले. आणि खाली तो स्कर्ट, वर फिका, खाली गडद. आई फाटकाबाहेर थांबली आणि मुलगी पुढे गेली.

बाईंची नजर वरून निघाली. कॉलर. गुंड्या. पट्टा. मग खाली, त्या पट्टीवर, आणि तिथे थांबली. फार वेळ थांबली. मागची पोरं एकमेकांना कोपरानं ढोसू लागली. कंडक्टरनं डबा छातीशी धरला होता, ते त्याच्या ध्यानातही नव्हतं.

बाईंनी मान हलवली.

मुलगी एक पाऊल पुढे गेली आणि मोठे सर म्हणाले, "थांब. बाई, ही पट्टी."

"बघितली."

"वेगळी छटा आहे."

"हो. मुलगी वाढलीय आणि कापडाचा रंग उडालाय, सर."

"काल फोनवर आपलं बोलणं झालं होतं." सर ओरडत नव्हते, उलट अजिजीनं बोलत होते. सगळी मुलं बघत होती. "नियम आहे बाई. तुम्हीच जर असं करायला लागलात तर..."

"नियम मी इतकी वर्षं पाळला, म्हणून माझ्या कपाटातल्या प्रत्येक पोराच्या पाठीवर शिक्का बसला," बाई म्हणाल्या. "तो मीच मारून घेतला होता. माझ्या नवऱ्याकडून." त्यांना कंडक्टर दिसला नव्हता. "मला वाटत होतं मी झाकतेय."

सरांना यातलं काही कळलं नाही. "म्हणजे काय? मी फाटकावर काय सांगायचं मुलांना?"

"गणवेश हवा, एवढंच सांगा. माझं अजूनही तेच मत आहे. पण वाढलेल्या पोरीच्या आईनं लावलेली पट्टी मी मोजणार नाही."

"मग फाटकावर मला दुसऱ्या कुणाला तरी उभं करावं लागेल, बाई."

हे ऐकून मामाच्या हातातला हातोडा खाली आला. कंडक्टरला माहीत होतं की या बाईंचं आयुष्य या खांबाला टेकून उभं आहे. घरात त्या नुसत्या असत. इथे त्या बाई होत.

बाईंनी खांबावरचा हात काढला. हातावर खांबाच्या गंजाचा तांबूस डाग होता, तो त्यांनी दुसऱ्या हातानं झटकला. गेला नाही.

"करा," त्या म्हणाल्या. मग त्या शिडीकडे वळल्या, आणि कंडक्टरला वाटलं की आता त्या तिच्या डोक्यावरून हात फिरवतील. पण बाई त्या बाई. "आणि तू. तू जिंकलीस असं समजू नकोस. इतक्या दिवसांचा अभ्यास बुडालाय. पहिल्या तासाला वर्तुळाचा पाठ आहे आणि मी कुणासाठी थांबणार नाही. चल, उभी काय राहिलीस?"

मुलगी पळालीच आत. फाटकाबाहेर तिच्या आईनं ॲप्रनच्या टोकानं तोंड पुसलं आणि मागे न बघता बेकरीच्या दिशेनं भराभर चालू लागली; तिला मालकाला नाही म्हणायचं होतं.

"अहो, डबा!" कंडक्टरला अचानक आठवलं. तो रस्ता ओलांडून धावत फाटकापाशी आला. "डबा राहिला तुमचा!"

बाईंनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्या मैदानातून वर्गांच्या दिशेनं चालल्या होत्या, एकट्या, हात मागे बांधून. मुलं घोळक्याघोळक्यानं त्यांच्या बाजूनं पळत होती, कुणाचे शर्ट बाहेर आलेले, कुणाचे मोजे उतरलेले, आणि बाई एकालाही थांबवत नव्हत्या. मोठे सर उजव्या खांबापाशी उभे होते, आता डाव्या खांबाशी जावं की नाही, या विचारात. मामा हातोडा हातात धरून घंटा द्यायचं विसरला होता. आणि कंडक्टर, गार होत चाललेला डबा दोन्ही हातांत धरून, गजांमधून बघत राहिला, ती पाठ वर्गांच्या ओळीआड वळेपर्यंत.